सतरा पिसं

…आणि वर मलाच म्हणतात, 'मोठ्या मनाचा माणूस'! मोठं मन कसलं डोंबलाचं? अहो, माझ्या खिशात चिमटा होता, चिमटा! भुवया कोरायचा, बायकोचा, टोकाला वाकडा झालेला… आणि समोर दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत, आणि रडता रडता माझ्या पाठीवर थोपटताहेत, 'असा माणूस शोधून सापडायचा नाही!' खरंच आहे की, सापडलोच नाही मी! स्वतः पुढं होऊन सांगितलं तरी सापडलो नाही! आपल्याला कुणी पकडत नाही म्हणून रडकुंडीला आलेला चोर तुम्ही कधी बघितलाय? बघून घ्या. आणि चोरी केवढी? सतरा पिसं. मोजून सतरा पिसं हो!

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला घड्याळवाले काका राहतात. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, मग दुकान बंद केलं आणि मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. साध्या नाहीत, बोडक्या मानेच्या. पाहिल्यात कधी? अंगावर पिसं, डोक्यावर पिसांची टोपी, आणि मधली मान सफाचट! लालभडक, सुरकुतलेली, कुणीतरी कोंबडी सोलायला घ्यावी आणि मध्येच फोन आला म्हणून तशीच ठेवून जावी ना, तशी. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा अगदी हळू आवाजात विचारलं, 'काका, औषध कुणाचं चालू आहे?' काका हसले. 'अरे, आजार नाही तो, वाण आहे. उन्हाळा सोसतात, अंडी देतात, उगाच पिसं वाढवण्यात खाणं घालवत नाहीत.'

आणि मग त्यांनी मला ती गोष्ट शिकवली, जी शिकलो नसतो तर आज मी सुखाने जेवलो असतो. म्हणाले, 'हे बघ, आई आणि बाप दोघांकडून बोडकेपण आलं, तर मान अख्खी साफ निघते. एकाच बाजूनं आलं, तर गळ्याशी पुढं पिसांचा झुपका राहतो, बो लावल्यासारखा. बो दिसला की तो पक्षी माझ्या वाणातून बाद. मग कितीही देखणा असो.' अकरा वर्षं हे चाललंय. घड्याळाचे जुने पट्टे कापून प्रत्येकीच्या पायात अडकवलेत, त्यावर नंबर. आणि एक वही. प्रत्येक पिल्लाला एक पान, त्यावर आई कोण, बाप कोण. अकरा वर्षांत एक खाडाखोड नाही हो त्या वहीत! अशा माणसाला मी… जाऊ द्या. सतरा पिसं!

तर दोन वर्षांपूर्वी काकांनी मला त्या कोंबड्यांची बारा अंडी दिली. दिली म्हणजे कशी? एकेक अंडं कानाशी धरून, जसं काही आत टिकटिक चालू आहे, आणि मग हातरुमालात गुंडाळून. म्हणाले, 'दुसऱ्यात मिसळू नकोस. माझं काही कमीजास्त झालं तर कुठंतरी शिल्लक राहावं, म्हणून देतोय.' मी काय म्हणालो? 'काका, जिवापाड जपेन!' अहो, एवढ्या मोठ्यानं म्हणालो की त्यांच्या कोंबड्या दचकल्या.

आता अंडी उबवायला खुडूक कोंबडी हवी. दूधवाल्या मावशींकडून एक आणली, साधी, मानेवर पिसं असलेली. ती बसली, पाच पिल्लं निघाली, आणि पाचही कोंबडे! माझं नशीब. ती खुडूक कोंबडी मावशींनी परत नेली नाही, ती राहिली आमच्याकडेच, आणि पुढं तिची आपली अंडी सुरू झाली, तिचीही पिल्लं निघाली. बाप कोण? त्या पाचांतलाच एक बोडका, दुसरा कोण असणार? आणि त्या पिल्लांतून निघाला तो एक… राजबिंडा! सोनेरी पाठ, हिरवी झाक मारणारी शेपूट, आणि गळ्याशी काळाभोर बो! सकाळी खुराड्यातून बाहेर पडायचा तो असा, की याला कुठंतरी सत्कार घ्यायला जायचंय.

बायको म्हणाली, 'अहो, हा राहू दे. हा तरी कोंबड्यासारखा दिसतो. बाकीचे बघितले की मला घास जात नाही.' झालं! घरात पाहुणे येतात, पाहुण्यांना कोंबडा लागतो, आणि कोंबड्या पाळायच्या म्हणजे निवड करावी लागते, हे काकांनीच शिकवलेलं. मीही केली निवड! देखणा ठेवला, बोडके कापले. मेहुणा दर खेपेला म्हणायचा, 'भावोजी, याची मान आधीच सोललेली, तुमचं अर्धं काम वाचलं!' आणि दात काढायचा. आणि मी? काकांची अकरा वर्षांची मेहनत पातेल्यात शिजतेय, आणि मी मेहुण्याला विचारतोय, 'आणखी वाढू का?' वर्षभरात पाचही संपले.

तोवर मला काही वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? खाताना तर अजिबात नाही.

मग एक दिवस काका दारात. हातात काठी, चेहरा उतरलेला. 'गेला रे आमचा. सकाळी खुराडं उघडलं तर तसाच बसलेला, मान पंखात घालून.' त्यांचा एकुलता एक कोंबडा, साडेसहा वर्षांचा. मी म्हटलं, 'अरेरे.' मनात पाल चुकचुकायला लागली होती. ते म्हणाले, 'पण मी निश्चिंत आहे. तुझ्याकडं माझ्याच वाणाचे आहेत ना? त्यातला एक दे. बरं झालं रे, त्या वेळी तुला दिली अंडी. माणूस पारखण्यात तरी चूक नाही झाली माझी.'

आता तुम्हीच सांगा, या वाक्यानंतर कुठल्या तोंडानं म्हणायचं, 'काका, ते मेहुण्यानं खाल्ले'? जीभ उचलेना. आणि मग तीच जीभ आपोआप म्हणाली, 'आहे की काका! एक ठेवलाय खास तुमच्यासाठी. उद्या आणून देतो.'

बायको आतून ऐकत होती. बाहेर आली, माझ्याकडं बघितलं, म्हणाली, 'कुठला?' मी म्हटलं, 'तू गप्प बस. चिमटा कुठाय तुझा?'

न्हाणीघरात घेऊन बसलो त्याला. टॉवेलात गुंडाळलेला, फक्त मान बाहेर. बोमधलं एकेक पीस चिमट्यात धरायचं आणि… हूं! तो ओरडला का? नाही. ओरडला असता तर मी थांबलो असतो, खरंच थांबलो असतो. तो नुसता बघत राहिला माझ्याकडं. न्हाव्याकडं पहिल्यांदा नेलेलं पोर आरशातून बापाकडं बघतं ना, तसा. एक, दोन, तीन… सतरा. सतरा पिसांत माझा राजबिंडा एकदम शुद्ध वाणाचा झाला. मी वर खोबरेल तेल लावलं. मान काय चमकत होती म्हणता!

दुसऱ्या दिवशी काकांनी कोंबडा मांडीवर घेतला. पाय बघितले, छाती दाबून बघितली, पंख ताणून बघितले. मग मानेवरून अंगठा फिरवला. माझी पाचावर धारण बसलेली! पण काकांच्या ज्या डोळ्याला चाळीस वर्षं भिंग लावलं, त्याच डोळ्यात आता मोतीबिंदू. म्हणाले, 'मला नीट दिसत नाही रे. साफ आहे ना?' मी म्हटलं, 'साफ आहे.' 'तू म्हणतोस ना? मग झालं.' आणि वहीत लिहिलं! माझ्यासमोर! मेल्याहून मेल्यासारखं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

बरं, एवढ्यावर संपलं असतं तर माणूस रडतखडत विसरतो. पण पीस ही वस्तू अशी आहे की उपटलं की पुन्हा येतं! हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण त्या दिवशी आठवलं का? नाही! तेराव्या दिवशी काकांचा फोन. 'अरे, याच्या मानेला काहीतरी टोचतंय हाताला. पुरळ आलंय का बघतोस?' पुरळ! मी हातातला घास टाकून धावलो.

आणि तिथून ते रविवार सुरू झाले. दर रविवारी सकाळी दहाला मी काकांच्या अंगणात. एका खिशात तेलाची बाटली, दुसऱ्यात चिमटा. 'काका, जरा मानेला तेल लावतो हं, ऊन फार आहे.' आणि खुराड्यामागं उकिडवा बसून आपलं… एक, दोन, तीन. काका तिकडून कौतुकानं ओरडायचे, 'अरे, किती करशील त्याचं! आधी चहा घे!' चहा हो! बिस्किटं! एकदा म्हणाले, 'माझा मुलगा दोन-दोन महिने फोन करत नाही. तू दर रविवारी येतोस. मी सगळ्यांना सांगतो, हा कोंबड्यासाठी येत नाही, माझ्यासाठी येतो.' तुम्हाला सांगतो, हातातलं बिस्कीट मी बशीत परत ठेवलं. सतरा पिसांसाठी जात होतो हो मी, सतरा पिसांसाठी!

घरी वेगळंच. बायको म्हणायची, 'लोकांचे नवरे बाहेर भानगडी करतात, त्या निदान सांगता तरी येतात चारचौघींत. मी काय सांगू? माझा नवरा दर रविवारी कपडे करून कोंबड्याच्या भुवया कोरायला जातो?' मी म्हटलं, 'भुवया नाही, मान.' म्हणाली, 'तेवढाच फरक राहिलाय आपल्यात. सांगून टाका त्यांना.' मी म्हणायचो, 'सांगतो, पुढच्या रविवारी.' पण तीन महिने झाले आणि माझा हात असा काही बसला की शेवटी शेवटी काम निम्म्यावर आलं. कधी पाच पिसं, कधी तीन. मी आपला खूश! म्हटलं, वा, काय सफाई आलीय आपल्या हाताला!

आणि पिल्लं निघाली. काकांनी मला बोलावलं. टोपलीत अकरा पिल्लं, त्यातल्या सहांच्या गळ्याशी… लवेचा एवढासा ठिपका. बो! सहा बो! काकांनी एकेकाच्या गळ्यावरून अंगठा फिरवला. वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. म्हणाले, 'अकरा वर्षांत एक नाही निघालं असं. कोंबड्या साफ. कोंबडा साफ. तूच सांगितलंस, साफ आहे.' मी मान हलवली. म्हणाले, 'मग बाप दुसरा आहे.' आणि त्यांनी कुंपणाच्या भिंतीकडं बघितलं.

भिंतीपलीकडं बेकरीवाले मामा. म्हणजे आधी बेकरी होती त्यांची. तीस वर्षांचे शेजारी, आणि मधली ती भिंत कमरेएवढी. रोज संध्याकाळी चार वाजता भिंतीवर बुद्धिबळाचा पट, इकडे काकांचं स्टूल, तिकडे मामांचं स्टूल. आणि मामांकडं एक कोंबडा, गळ्यापासून शेपटीपर्यंत गच्च पिसं. हा कोंबडा दुपारी, सकाळी, केव्हाही आरवायचा, म्हणून काकांनीच त्याचं नाव ठेवलेलं, अलार्म. 'बिघडलेला आहे,' म्हणायचे, 'पण याचं मशीन मला उघडता येत नाही.'

त्या दिवशी चार वाजता पट मांडलाच नाही. काका म्हणाले, 'तुझा अलार्म माझ्या अंगणात येतो.' मामा म्हणाले, 'त्याला धड ओट्यावर उडता येत नाही, भिंत कुठली ओलांडतोय!' 'म्हणजे मी खोटं बोलतो?' 'म्हणजे माझा कोंबडा बदफैली?' अहो, दोन सत्तरीचे म्हातारे! आणि मी मध्ये उभा, खिशात चिमटा. अलार्म बिचारा मातीत अंघोळ करत होता, त्याला पत्ता नाही की तो सहा पोरांचा बाप झालाय.

दुसऱ्या दिवशी काकांनी भिंतीवर जाळी ठोकली. डोक्याएवढी उंच. आता पट कुठं ठेवणार? चार वाजले की काका इकडच्या स्टुलावर, मामा तिकडच्या स्टुलावर, मध्ये जाळी, आणि दोघंही आकाशाकडं बघताहेत. निरोप माझ्याकरवी. 'सांग त्याला, माझा उंट त्याच्याकडं राहिलाय.' 'सांग त्याला, उंट माझ्याकडं नाही, आणि असला तरी त्याचं खेळणं मला बघवत नाही.' रात्री जेवताना मला नुसता तो उंट दिसायचा.

आणि मग एका शनिवारी मामांनी मला गाठलं. दोन हातांनी माझा हात धरला. 'एक काम कर. त्याला सांग, उद्या दुपारी जेवायला ये. मी अलार्मला कापतोय. सगळं त्याच्यामुळं झालं. तीस वर्षांच्या दोस्तीपुढं कोंबडा काय? तो गेला की जाळी निघेल.' तो कोंबडा त्यांच्या हातून पाव खातो हो. मामी गेल्यापासून त्या घरात बोलणारं दुसरं कोण आहे? बिघडलेला का होईना, तोच एक आवाज.

तुम्हाला सांगतो, मी मेहुण्याला पाच खाऊ घातले, काही वाटलं नाही. पण हा सहावा माझ्या घशाखाली उतरेना. तसाच मामांना ओढत काकांच्या अंगणात नेलं, दोघांना समोरासमोर उभं केलं, चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून एका दमात सांगितलं. 'अलार्म निर्दोष आहे! तुमचे बोडके आम्ही खाल्ले! हा बोवाला आहे! मी त्याची पिसं उपटली, दर रविवारी उपटतो, तेल हे निमित्त, सतरा पिसं होती, मी नालायक आहे!'

मी डोळे उघडले. मामांच्या डोळ्यांत पाणी! म्हणाले, 'बघितलंस? आपल्या भांडणापायी पोरानं काय काय अंगावर घेतलं!' मी म्हटलं, 'अहो मामा, अंगावर काय, खरंच…' काका म्हणाले, 'दर रविवारी त्या जनावराच्या मानेला तेल चोळतो, माझी विचारपूस करतो, आणि म्हणे पिसं उपटतो! अरे, खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुला!' मी चिमटा पुढं केला. 'हा बघा! पुरावा!' काकांनी चिमटा घेतला, डोळ्यांशी नेला, बोटांनी दोन्ही टोकं चाचपली. चाळीस वर्षं चिमटे वापरलेला माणूस, त्यांनी निकाल दिला: 'याची टोकं जुळतच नाहीत. यानं पीस काय, केससुद्धा धरला जायचा नाही.' आणि पक्कड घेऊन तिथल्या तिथं सरळ करून माझ्या हातात दिला! मी किंचाळलो, 'कोंबडा आणा! मान बघा!' आणली मान. मामांनी चष्मा लावून बघितली. साफ, गुळगुळीत. मी म्हटलं, 'पंधरा दिवस थांबा! पिसं येतील! बो येईल! मग कळेल!' दोघं एकमेकांकडं बघून हसले, तापातल्या माणसाशी हसतात तसे. 'थांबू बाबा, थांबू.' आणि गळ्यात पडले एकमेकांच्या.

जाळी निघाली. पट मांडला गेला, उंट मामांच्या कोटाच्या खिशात निघाला. आता दोघं एकमेकांना व्याही म्हणतात! सहा बोवाली पिल्लं ही 'आपली नातवंडं'! मामा रोज त्यांना पाव भिजवून घालतात. काकांनी भिंतीतल्या चार विटा स्वतः काढल्या, अलार्मला जाता-येता यावं म्हणून. मी म्हटलं, 'काका, तुमचा वाण? अकरा वर्षं?' काका म्हणाले, 'वाण काय रे… चार वाजता मध्ये पटाऐवजी जाळी दिसली ना, तेव्हा कळलं.' बरं वाटलं मला? वाटलं. आणि त्याहून वाईट वाटलं. अकरा वर्षांचा वाण एका माणसानं हसत सोडून दिला, आणि तो सोडायची वेळ त्याच्यावर एका चिमट्यानं आणली, हे जगात फक्त मला आणि माझ्या बायकोला ठाऊक आहे. बायकोचं काय, ती खूश आहे. 'अहो, काय छान चालतोय हो चिमटा आता!'

पंधरा दिवस झाले. पीस नाही. महिना झाला. नाही. डॉक्टरांना विचारलं, जनावरांच्या. म्हणाले, 'एकाच जागेची पिसं पुन्हा पुन्हा ओढली की मुळं थकतात, मग येत नाहीत कधीच.' म्हणजे ती माझ्या हाताला आलेली सफाई… ती सफाई नव्हती!

काल रविवार. गेलो. चिमटा नाही, तेल नाही, नुसताच गेलो. कोंबडा मांडीवर घेतला, मानेवरून अंगठा फिरवला, उलटा फिरवला, उन्हात धरून बघितली. साफ! सतरातलं एक नाही! आयुष्यात एकदा खरं बोललो, त्याचा जगात एकच पुरावा होता, आणि तो मीच दर रविवारी चहा पिऊन मुळासकट… काकांनी वही पुढं केली. 'मला दिसत नाही रे आता. इथून पुढं तूच लिही, तुझ्यासारखं सरळ माणूस दुसरं नाही.' नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. शेवटी चहा घेतला, पेन उघडलं, आणि अकरा वर्षांत खाडाखोड नसलेल्या त्या वहीत, माझ्या अक्षरात, पहिल्या बोवाल्या पिल्लाचं पान लिहिलं. आई: नंबर चार. बाप: अलार्म.